शब्दश्लेष आणि ‘कारुता’ : जपानी भाषाशिक्षणातील क्रीडातत्त्वाची चिकित्सा

प्रस्तावना :

भाषा खेळातून शिकावी, हे अध्यापनशास्त्रातील बहुमान्य सूत्र आहे. जपानीच्या संदर्भात या सूत्राला ‘कारुता’ या पारंपरिक पत्त्यांच्या खेळाचा आधार दिला जातो. हे नाव पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आले, खेळाचा काव्याशय मात्र अस्सल जपानी आहे. या खेळातून विद्यार्थ्यास भाषा अवगत होते की केवळ हाताची चपळाई, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप :

फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) याने संकलित केलेल्या ‘ह्याकुनिन इश्शु’ या संग्रहात शंभर कवींची प्रत्येकी एक कविता आहे. ५-७-५-७-७ अशी तिची अक्षररचना असते. वाचकाच्या पत्त्यावर संपूर्ण कविता, तर खेळाडूंसमोरील पत्त्यांवर केवळ शेवटच्या दोन ओळी हिरागाना लिपीत असतात. आरंभ ऐकताच शेवट ओळखून पत्ता उचलायचा असतो. कविता निश्चित करणाऱ्या आरंभीच्या अक्षरांना ‘किमारिजी’ म्हणतात. सात कवितांना असे एकच अक्षर पुरते, तर काहींना सहा लागतात.

श्लेषाची उपेक्षा :

या काव्याचा प्राण ‘काकेकोतोबा’ हा श्लेषसदृश अलंकार होय. ‘मात्सु’ म्हणजे पाइन वृक्ष, तसेच वाट पाहणे. ओनो नो कोमाची हिच्या कवितेत ‘नागामे’ म्हणजे विचारमग्न होऊन पाहणे आणि दीर्घकाळचा पाऊसही. ‘फुरु’ म्हणजे पाऊस पडणे आणि आयुष्य कंठणे. ‘हा-ना-नो’ ही तीन अक्षरे कानी पडताच निष्णात खेळाडू हा पत्ता उचलतो. विशेष असे की, ‘फुरु’ आणि ‘नागामे’ हे दोन्ही शब्द त्याच पत्त्यावर छापलेले असतात. श्लेष अक्षरशः हाताखाली असतो. परंतु खेळ जिंकण्यासाठी तो वाचावा लागत नाही.

लिपीचा प्रश्नही असाच आहे. या पत्त्यांवर घोषत्वदर्शक चिन्हे नसल्याने ‘का’ आणि ‘गा’ एकसारखेच दिसतात. शिवाय लेखन जुन्या वळणाचे असल्याने ‘ते-फु’ असे लिहिलेले ‘च्यो’ असे उच्चारावे लागते. नवशिक्याला हा अडथळा वाटतो. वस्तुतः घोष-अघोष भेद न दाखविणाऱ्या लेखनामुळेच प्राचीन काव्यात ‘नागारे’ (वाहणे) आणि ‘नाकारे’ (रडू येणे) यांचा श्लेष साधला गेला. जी अडचण, तीच काव्याची गुरुकिल्ली ठरते.

याउलट ‘इरोहा कारुता’त म्हणी व चित्रे जोडलेली असल्याने अर्थ सहसा दुर्लक्षित राहत नाही. मात्र तेथे काव्यगत श्लेषाचा संस्कार होत नाही.

समारोप :

१. कारुता श्रवण, स्मरण व लिपिपरिचय यांचे प्रभावी साधन आहे.
२. अर्थग्रहण ही खेळाची स्वाभाविक निष्पत्ती नव्हे; ते अध्यापकाने घडवावे लागते.
३. म्हणून डावानंतर उचललेला प्रत्येक पत्ता उलगडून त्यातील दुहेरी अर्थ विद्यार्थ्याने सांगणे, हा खेळाचाच भाग मानावा. अन्यथा शंभर कविता मुखोद्गत होतील, पण त्यांतील एकही समजलेली नसेल.