मायनस 10 डीबी म्हणजे पास नव्हे

वायफायच्या अँटेनांवरचे शोधनिबंध चाळलेत तर एक आलेख हमखास भेटेल. रेषा 2.4 गिगाहर्ट्झपाशी मायनस 10 डीबीच्या खाली बुडी मारते आणि निष्कर्ष येतो: अँटेना उत्तम! मला नेमकं इथेच खटकतं.

त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की पाठवलेल्या शक्तीपैकी 10 टक्क्यांहून कमी परत आली. उरलेली हवेत गेली की बोर्डातच उष्णता होऊन संपली, हे तो सांगत नाही. अँटेनाच्या जागी 50 ओहमचा रेझिस्टर लावून बघा. आलेख याहून देखणा येईल, संदेश मात्र कुठेच जाणार नाही! स्वस्त एफआर-4 बोर्डावर हा ऱ्हास दुर्लक्ष करण्याइतका नसतो. म्हणून गेन मोजायलाच हवा, नुसत्या सिम्युलेशनवर भागत नाही.

"चेंबर नाही हो आमच्याकडे!" शिरगावला घरी बसून सिम्युलेशन चालवताना मीही हीच सबब द्यायचो. पण आपल्याच जिल्ह्यातलं खोडदचं जीएमआरटी बघा. डिश 45 मीटर व्यासाची. 21 सेंटिमीटरच्या लहरींसाठी तिचं नीट मोजमाप करायचं तर समोरचा स्रोत निदान 19 किलोमीटर लांब हवा. कुठल्या चेंबरात मावणार? तिथे आकाशातल्या ओळखीच्या रेडिओस्रोतांकडे डिश वळवून परीक्षा घेतात.

आपल्या चार सेंटिमीटरच्या पॅचला तर दोन सारख्या अँटेना, मोजणी यंत्र आणि मोकळी गच्ची पुरते; फ्रिसच्या सूत्रातून गेनचा बरा अंदाज निघतो.

तेव्हा पुढचा निबंध वाचताना आधी एवढंच शोधा: गेन मोजलाय, की नुसता काढलाय?