‘परत’ या शब्दामागची उधारी

‘ब्रेक्झिट: द अनसिव्हिल वॉर’ हा चित्रपट मी पहिल्यांदा बेनेडिक्ट कंबरबॅचसाठी पाहिला आणि दुसऱ्यांदा एका शंकेपोटी. जून २०१६च्या सार्वमतात ब्रिटनमधल्या ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. तो कौल कसा घडवला गेला, याची ही गोष्ट. लेखक जेम्स ग्रॅहम, दिग्दर्शक टोबी हेन्स. कंबरबॅच यात डॉमिनिक कमिंग्ज झालाय. कमिंग्ज म्हणजे ‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्या मोहिमेचा सूत्रधार.

चित्रपट वेगवान आहे, हुशार आहे आणि कंबरबॅचच्या प्रेमात आहे. त्यातला कळीचा क्षण एका शब्दाचा आहे. ‘ताबा घ्या’ या घोषणेत कमिंग्ज ‘परत’ घालतो आणि ती ‘ताबा परत घ्या’ अशी होते. ‘परत’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आपलं काहीतरी होतं आणि ते कुणीतरी नेलं. मग येतो डेटा, फेसबुकवरच्या जाहिराती, प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या त्याच्या भीतीप्रमाणे पोचणारा मजकूर. एका विक्षिप्त माणसाने देशाची नस पकडली, असं आपल्या मनावर ठसतं.

माझी शंका इथेच आहे. ‘परत’ हा शब्द इतका लागू पडला, तर लोकांकडून आधी काय नेलं गेलं होतं? चित्रपट त्या वाटेला फारसा जात नाही. मला दिसणाऱ्या उत्तराचा एक भाग असा, की खुद्द हे सार्वमतच त्यांना अनेकदा कबूल केलं गेलं होतं आणि अनेकदा काढून घेतलं गेलं होतं.

हिशेब मांडून बघू. १९७३मध्ये ब्रिटन तेव्हाच्या युरोपीय समुदायात सामील झालं, ते जनतेला न विचारता. १९७५मध्ये विचारलं गेलं आणि ६७ टक्के लोकांनी ‘राहू या’ म्हटलं. त्यानंतर समुदायाचा संघ झाला, अधिकार वाढले, पण पुन्हा मत घेतलं गेलं नाही. २०१६मध्ये साठीच्या आत असलेल्या जवळपास कुणीच या प्रश्नावर कधी मत दिलेलं नव्हतं.

मधल्या काळात वचनं मात्र भरपूर आली. २००४मध्ये टोनी ब्लेअर यांनी युरोपच्या नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्याचं जाहीर केलं. २००५मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी ती घटना फेटाळली. तिच्यातलं बरंचसं लिस्बन कराराच्या रूपाने परत आलं, तेव्हा ब्रिटिश सरकार म्हणालं, हा दस्तऐवज वेगळा आहे, ते वचन याला लागू नाही. २००७मध्ये विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी ‘द सन’मध्ये लिस्बनवर मत घेण्याची ओतीव लोखंडाइतकी पक्की हमी दिली. नोव्हेंबर २००९मध्ये सगळ्या देशांची मंजुरी पूर्ण झाल्यावर तेच म्हणाले, आता उशीर झाला. ऑक्टोबर २०११मध्ये सार्वमताचा ठराव संसदेत आला, तेव्हा पंतप्रधान कॅमेरॉन यांनी आपल्या खासदारांना विरोधात मत द्यायला लावलं. ठराव १११ विरुद्ध ४८३ मतांनी पडला. आणि जानेवारी २०१३मध्ये त्याच कॅमेरॉन यांनी जाहीर केलं: आम्हाला निवडून द्या, आम्ही वाटाघाटी करू आणि २०१७ संपायच्या आत तुम्हाला विचारू.

या साऱ्या वचनांची वाक्यरचना बघा. प्रत्येकात एक ‘जर’ आहे आणि सुटकेची वाट त्या ‘जर’मधूनच जाते. डोनाल्ड टस्क यांनी नंतर बीबीसीच्या माहितीपटात सांगितलं, की सार्वमत होणारच नाही, सहकारी पक्ष ते अडवेल, असा कॅमेरॉन यांचा कयास होता. २०१५मध्ये त्यांना स्वबळावर बहुमत मिळालं आणि अडवायला कुणी उरलं नाही. मतदानाआधी ते म्हणत होते, निकाल काहीही लागो, मी पदावर राहीन. २४ जूनच्या सकाळी त्यांनी राजीनामा जाहीर केला.

इथे मला गोवा आठवतो, कारण कुठल्या मोठ्या घरात सामील व्हायचं की नाही, हा प्रश्न मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, हे ठरलं. भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाचे पुरस्कर्ते होते. पण कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने मतदानाआधीच राजीनामा दिला. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. बांदोडकर हरले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत लोकांनी त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. मतदार माणूस आणि मुद्दा वेगळे ठेवू शकतात, समोरच्याने खेळ सरळ खेळला तर.

ब्रिटनमध्ये ती सोय उरली नव्हती. म्हणून ‘लोक भाबडे होते, जाहिरातींना फसले’ हे म्हणणं मला पटत नाही. वचनातला ‘जर’ वाचायला ते चांगलेच शिकले होते. अडचण अशी, की अविश्वास माणसाला शहाणं करतोच असं नाही. सगळेच थापा मारतात असं एकदा ठरलं, की छोटी थाप आणि मोठी थाप एकाच भावाने विकली जाते. मोहिमेच्या लाल बसवर दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, असं लिहिलं होतं. सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं मतदानाआधीच सांगितलं. पण सांगणारं पुन्हा ‘सरकारी’च. ज्यांची पत संपली होती, त्यांच्या बाजूचं खरंही कुणी उधारीवर घेईना.

चित्रपटात एक प्रसंग हे सगळं जवळजवळ पकडतो. ‘राहू या’ बाजूचा क्रेग ऑलिव्हर मतदारांच्या एका गटाची चर्चा ऐकतोय आणि एक बाई फुटते. आपल्याला कुणी मोजतच नाही, हे ऐकून ती थकलीय. रॉरी किनिअरचा चेहरा तेव्हा जे सांगतो, ते कंबरबॅचची सगळी भाषणं मिळून सांगत नाहीत. मला त्या बाईच्या मागची दहाबारा वर्षं हवी होती. तिला तेवढीच मिनिटं मिळतात आणि कॅमेरा पुन्हा संगणकांकडे वळतो.

हे खटकतं, कारण दोष एका डोकेबाज माणसावर आणि त्याच्या सॉफ्टवेअरवर टाकला, की बाकीचे सुटतात. चित्रपटाच्या चौकटीत कमिंग्जची चौकशी चाललेली दिसते. दुसऱ्यांदा पाहताना मी त्याच्या शेजारची जागा बघत होते. तिथे आणखी दोनतीन खुर्च्या हव्या होत्या, माजी पंतप्रधानांसाठी.