आठ चिमणे आणि किहीमचे खोपे

पक्ष्यांच्या गमती सांगणारी पुस्तकं आपण बायका आवडीनं वाचतो, कारण त्यांत संसार असतो. घर शोधणं, जोडीदार पारखणं, शेजाऱ्याशी भांडणं. डॉ. सालिम अलींचं १९८५ साली निघालेलं आत्मचरित्र 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' त्याच जातीचं. त्यातल्या एका गमतीला मी मनापासून हसते, दुसरीपाशी अडते.

पहिली सुगरण पक्ष्याची. १९३० साली अली अलिबागजवळ किहीमला राहत होते. हाती नोकरी नव्हती, पण जवळच झाडावर खोप्यांची वसाहत होती. ते बघत बसले. दिसलं ते असं: खोपा विणतो नर. अर्धा झाला की माद्या येतात, आत शिरून पारखतात. पसंत पडला तर एक मादी तिथं राहते, मग नर तो पुरा करतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. आणि ती अंडी उबवायला बसली की हे महाशय दुसरा खोपा विणायला घेतात, दुसरीसाठी!

आपण मात्र त्या पक्ष्याला सुगरण म्हणतो. बहिणाबाईंनीही खोप्याचं कौतुक सुगरणीच्याच पदरात घातलं. कवितेचं मोल त्यानं कमी होत नाही. पण घर म्हटलं की ते बाईनंच केलेलं असणार, हे आपण न बघताच धरून चालतो ना? इथला विनोद लेखकानं वरून पेरलेला नाही. तो पक्ष्यांच्या वागण्यातच आहे, लेखकानं धीर धरला म्हणून आपल्याला दिसला.

दुसरी गंमत दहाएक वर्षांच्या सालिमच्या टिपणातली. भिंतीच्या भोकात चिमणीचं घरटं, चिमणा बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. मुलानं त्याला बंदुकीनं टिपलं. थोड्याच वेळात चिमणीपाशी दुसरा चिमणा हजर. तोही टिपला. पुढच्या सात दिवसांत असे आठ चिमणे गेले, आणि दर वेळी नवा पहारेकरी आला.

वाचताना हसू फुटतं, खोटं कशाला बोलू? पण दिव्यावर किडा मरेल म्हणून सूर्यास्ताआधी जेवणारी आपली घरं. ते हसू घशाखाली उतरत नाही. त्या मुलाला मी बोल लावत नाही. खटकतं ते म्हातारपणीच्या लेखकाचं सांगणं. त्यात निरीक्षणाचं मोल आहे, पण आठ जिवांसाठी क्षणभर थांबणं नाही. उगाच मारणं आपल्याला आवडत नाही, अभ्यासापुरतेच नमुने घ्यावेत, अशी त्यांची भूमिका होती, हेही सांगायला हवं. आणि चिमणे मारले नसते तर बदली चिमणे वाट बघत असतात हे त्या मुलाला कळलं नसतं, हेही खरं.

मग ते कळलं नसतं तर चाललं असतं का? माझं उत्तर 'हो' असं आहे. खिळ्यावरचा एकच चिमणा आठवडाभर बघितला असता, तरी सांगण्याजोगं पुष्कळ मिळालं असतं. किहीमला मिळालंच की.

पुस्तक जरूर वाचा, नातवंडांनाही वाचून दाखवा. चिमण्यांची गोष्ट मात्र गाळू नका. ती ऐकून मूल काय विचारतं, ते ऐकायला थांबा.