कात्री कुणाच्या हाती?

पानात मावेना म्हणून माझ्या लेखाचा शेवटचा परिच्छेद एकदा परस्पर छाटला गेला. मला कळले ते छापील अंकातच! म्हणून १९९९ साली आलेल्या ‘इनडिझाइन’ची जोडीदार ‘इनकॉपी’ मी या वयात हट्टाने शिकलो. डीटीपीवाला पान लावत असतानाच लेखक आपला मजकूर ‘चेक आउट’ करतो. तो परत करेपर्यंत इतरांना त्याला हात लावता येत नाही. हा न्याय मला मोठा वाटतो. पण चौकटीबाहेर गेलेल्या ओळींचा आकडाही खाली दिसत राहतो आणि लेखक अर्थाऐवजी ओळी मोजू लागतो. परवा दोन ओळी जास्त झाल्या. मी कानडी म्हण ठेवली, तिचा मराठी अर्थ काढला. बेळगावच्या वाचकाला तो कशाला हवा?