भिडू आणि उतारी

ब्रिजमध्ये आपण का हरतो, याचे आमचे उत्तर ठरलेले असते: भिडू! एस. जे. सायमन यांनी १९४५ साली ‘व्हाय यू लूज ॲट ब्रिज’ लिहून हे उत्तर पार मोडीत काढले. पुस्तकातली बोली आता जुनी वाटते. पण त्यातला ‘कमनशिबी तज्ज्ञ’ अजून ताजा आहे. खेळतो उत्तम आणि हरतो. कारण समोर भिडू कोण बसलाय, हेच तो विसरतो. सायमनसाहेबांनी मला कुठे पाहिले होते, कोण जाणे!

एका शनिवारी मेव्हण्यांनी मध्येच ‘एक इस्पिक’ म्हटले. विरुद्ध बाजू बेधडक तीन नोट्रम्पवर गेली. उतारी माझी. मी शास्त्राप्रमाणे माझ्या लांबलचक बदामातले वरून चौथे पान टाकले. त्यांनी सरळ नऊ हात केले. मेव्हण्यांकडे इस्पिकाच्या एक्क्यापासून दश्शीपर्यंत सलग पाच पाने! इस्पिक उतरलो असतो, तर पहिले पाच हात आमचेच, आणि त्यांचा डाव बुडाला असता.

‘‘मी काय घसा खाकरला होता?’’ मेव्हणे एवढेच बोलले आणि तीन शनिवार फिरकले नाहीत.

चौथ्या शनिवारी मीच त्यांच्याकडे गेलो. पुस्तक घेऊन. तज्ज्ञाच्या पानावर खूण घालून.