अनोळखी नावाचं तिकीट

नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांची तिकिटं २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. २२ सप्टेंबर २०२४ ला विक्री उघडली, एक कोटीहून जास्त लोकांनी लॉगिन केल्याचं बुकमायशोने सांगितलं, आणि बघता बघता तीच तिकिटं दुसऱ्या साइट्सवर लाखांच्या घरात दिसायला लागली. हे तुम्ही वाचलंय, त्यावरची मीम्सही फॉरवर्ड केलीत. चारठाण्यातून बघताना मला त्या बातम्यांत एक रक्कम कायम गायब दिसायची. अडीच हजारांचं तिकीट आमच्याकडच्या माणसाला अडीच हजारांना पडत नाही. गावात रेल्वे नाही. आधी सेलू किंवा परभणी गाठायची, तिथून रात्रीची देवगिरी पकडायची, मुंबईत उतरून नेरुळची लोकल, कार्यक्रम संपल्यावर कुठेतरी पाठ टेकायची सोय, मग हाच प्रवास उलटा. वर दोन-तीन दिवसांचा बुडालेला रोज. पोरं जात नाहीत असं नाही. पण जाणारा वर्षभर त्या एका रात्रीचे हप्ते फेडतो.

परवडत नाही हे तर झालंच. ज्याला परवडतं त्याच्याही कानांचं महाग तिकीट काहीतरी करतं, आणि त्यावर फारसं कुणी लिहीत नाही.

२६ जानेवारी २०२५ चा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर लाइव्ह होता. तो मी फोनवर पाहिला. गाणी उत्तम वाजली, ख्रिस मार्टिन माणूस म्हणून लाघवी आहे, आणि मनगटावरचे पट्टे एकदम पेटले तेव्हा स्टेडियम खरंच सुंदर दिसलं. फक्त माझ्या लक्षात आलं की ते सौंदर्य प्रेक्षकांचं बनलेलं आहे. त्या पट्ट्यांचे रंग बँडची माणसं ठरवतात. पैसे भरून आलेला माणूस हा त्या नेपथ्यातला एक दिवा असतो. त्याला गाणं पाठ असतं, ते कधी येणार याचाही अंदाज असतो, आणि ते आलं की तो फोन वर करतो. दहा हजार घालवल्यावर माणूस अनोळखी काही ऐकण्याचा धोका कशाला पत्करेल? त्याला जे आधीच आवडतं तेच, तसंच्या तसं, मोठ्या आवाजात हवं असतं. इतकं महाग तिकीट कुतूहलावर निघत नाही, खात्रीवर निघतं. कार्यक्रमही मग तसेच रचले जातात.

दर का वाढले याचं उत्तर निव्वळ हाव असं नाही. अर्थतज्ज्ञ अॅलन क्रूगर यांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की अमेरिकेत १९८१ ते २०१२ या काळात कॉन्सर्टचं सरासरी तिकीट जवळपास ४०० टक्क्यांनी वाढलं, आणि एकूण महागाई १५० टक्क्यांनी. कॅसेट आणि सीडी विकून मिळणारा पैसा आटला, स्ट्रीमिंगमधून कलाकाराच्या हाती दर ऐकण्यामागे पैशांचे तुकडे पडतात. म्हणून सगळा भार मंचावर आला. पूर्वी कार्यक्रमामुळे कॅसेट खपायची, आता फुकटात ऐकलेलं गाणं तिकीट खपवतं. त्याआधी १९६६ मध्ये बॉमोल आणि बोवेन या दोघांनी आणखी मूलभूत गोष्ट सांगून ठेवली होती: कारखान्यात एक माणूस यंत्रावर दसपट माल काढू शकतो, पण चौघांनी वाजवायचं संगीत शंभर वर्षांनीही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावं लागतं. दोन तासांचं कीर्तन पाऊण तासात उरकता येत नाही. बाकी सगळ्यांची मजुरी वाढत गेली की वाजवणाराही महाग होणारच, आणि व्हायलाही हवा.

आपल्याकडे चढे दर अगदीच नवे नाहीत. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘मानापमान’ केलं, त्या संयुक्त प्रयोगाचे दर नेहमीच्या प्रयोगांपेक्षा कितीतरी चढे होते आणि तरी लोक तुटून पडले. पण तो पैसा टिळक स्वराज्य फंडाचा होता आणि प्रसंग अपवादाचा. बाकीच्या रात्री नेहमीच्या दरात नाटक चालूच होतं. अपवाद महाग असायला माझी हरकत नाही. आता नेहमीचंच महाग झालंय, तिथे मला काळजी वाटते.

याच्या उलट टोकाला सवाई गंधर्व. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पुण्यात डिसेंबरमध्ये होतो, आणि सगळ्या दिवसांचं भारतीय बैठकीचं तिकीट गेली काही वर्षं काही शेकड्यांत मिळत आलंय. त्याचा खरा गुण स्वस्ताई वाटेल, पण मला त्याची रचना जास्त महत्त्वाची वाटते. एका तिकिटात दिवसाला चार-पाच कलाकार. दुपारी पहिल्यांदा बसतो तो बहुतेक तरुण, नाव न ऐकलेला. लोक अजून सतरंजीवर जागा धरताहेत, कुणी डबा उघडतंय, आणि तेवढ्यात त्याची एखादी तान अशी जाते की डबा तसाच राहतो. ही भेट तिकीट काढताना ठरलेली नसते. न आवडल्यास उठून चहाला जायची मुभाही त्याच तिकिटात असते. कंटाळण्याचा हा हक्क मला फार मोलाचा वाटतो. स्टेडियममध्ये पैसे वसूल करायच्या धास्तीने कुणी कंटाळूही शकत नाही. (पूर्वी सवाई रात्रभर चालायचा. रात्री दहाच्या लाउडस्पीकर नियमाने ते गेलं. झोप महत्त्वाची, मान्य. पण उत्तररात्रीचे राग ऐकणारी एक पिढी त्याबरोबर गेली.)

आता गावात फुकट काय मिळतं? चारठाणा जुन्या देवळांचं गाव. गोकुळेश्वराचं देऊळ आणि ती उंच दीपमाळ बघायला बाहेरून माणसं येतात. यादवकाळातल्या देवळांत सभामंडपाच्या मधोमध रंगशिळा असते, म्हणजे गाण्या-नाचण्यासाठी राखलेली जागा, जिला दार आणि तिकीट दोन्ही नाही. आज ते काम सप्ताहाचा मंडप करतो. सात दिवस काकडा, हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला. घरटी वर्गणी. मला याचं गोडवे गाणारं लिखाण आवडत नाही. वर्गणी नाकारता येत नाही, मग ते फुकट कसलं? टाळ धरायला बाया क्वचितच पुढे असतात. आणि खर्च इथेही चढतोय: मंडप, जनरेटर, साउंड, नामवंत कीर्तनकाराची बिदागी. नाव मोठं तितकी गर्दी मोठी, हा हिशोब नेरुळचाच आहे. त्या खर्चात पखवाज्याचं पाकीट मात्र जाडं होताना दिसत नाही. तरीही माझ्या वयाच्या कितीतरी पोरांना ताल कळतो तो या मंडपामुळे. सात रात्री, वर्षानुवर्षं, अर्धवट झोपेत, कुणी निवडून न दिलेलं संगीत कानावर पडत राहिलं. कान असेच तयार होतात, सवयीने.

सरकारच्या दप्तरातही स्वस्त कुठे संपतं याची एक रेघ आहे. कॉन्सर्टचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही, त्यावर गेलं की १८ टक्के. जानेवारी २०१८ मध्ये ही रेघ अडीचशेवरून पाचशेवर नेली. तिकिटांच्या काळ्या बाजाराबद्दलची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. नियम करणं हे कायदे करणाऱ्यांचं काम, असं न्यायालयाचं म्हणणं. ते बरोबरच आहे. पण काळा बाजार उद्या पूर्ण थांबला तरी चारठाण्याचं अंतर तेवढंच राहणार. मला हवी आहे ती गोष्ट लहान आहे: परभणीत, निदान जिंतुरात, महिन्यातून एक संध्याकाळ, पाचशेच्या रेघेच्या बरंच खाली, तीन अनोळखी नावं आणि त्यातल्या पखवाज्याला ठरलेलं मानधन. त्यासाठी एलईडीची भिंत लागत नाही. शाळेचा हॉल आणि नीट लावलेले दोन माइक पुरतात.

तोवर पुण्याला जायचं. सवाईचं सगळ्या दिवसांचं तिकीट आणि पुण्यातल्या लॉजची एक रात्र यांत लॉज महाग पडतं. म्हणून एकच दिवस निवडायचा, आणि तो शेवटी कोण गाणार हे पाहून नाही, दुपारी पहिलं कोण बसणार ते पाहून.