देवाच्या पोटातलं चित्र

तराजू, एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात पीस, शेजारी कोल्हेतोंड्या अनुबिस. हुनेफरच्या पपायरसमधलं हे चित्र तुम्ही फोनवर पाहिलं असेलच. इ.स.पू. १३व्या शतकातली ही गुंडाळी सापडली ती प्ताह-सोकर-ओसिरिसच्या रंगवलेल्या लाकडी मूर्तीत. तीन देव मिळून एक, ममीसारखा गुंडाळलेला, आतून पोकळ! आज दोन्ही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण कौतुक सगळं चित्राचं. मूर्ती म्हणजे जणू त्याचा डबा. मला हे खटकतं. हे चित्र प्रेक्षकांसाठी नव्हतंच. देवाच्या अंगात, अंधारात राहून त्यानं मेलेल्या हुनेफरच्या कामी यायचं होतं. आपण गुंडाळी उलगडली, तुकडे केले, चौकटीत बसवले. ते सुंदर दिसतात, पण मी आधी त्या रिकाम्या लाकडाकडे बघेन.